दीड फुटाच्या मालकीणबाई

बाई समोरच्या माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी कॉलर, मग खांद्याची शिवण, मग बटणं, मग शर्टाची खालची दुमड. एवढं बघून झाल्यावर वेळ उरला तर चेहरा. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला दारातच दोन मिनिटं उभं केलं आणि म्हणाल्या, "तिसरं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलंय. कोणी लावलं?"

"मीच."

"गाठ वरून मारली की आतून?"

"आतून."

"मग ठीक आहे. खोली मागच्या बाजूला आहे."

एवढ्या मुलाखतीवर मला सावेडीत खोली मिळाली. नाव, गाव, जात, लग्न झालंय का, रात्रपाळी असते का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. मी मूळचा अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या अलीकडचा. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात नुकताच लागलो होतो. दिवसभर व्हर्नियर घेऊन लोखंडी तुकड्यांची जाडी मोजायची, हे माझं काम. ते कळल्यावर मात्र बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "म्हणजे तुम्हीही मापातलेच," त्या म्हणाल्या.

बाई एका मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. उंची पाच फुटांना थोडी कमी; म्हणजे मी थोडी म्हणतो, बाई 'पाऊण इंच' म्हणायच्या. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात चांदीच्या साखळीत बारीक क्रूस आणि त्याच्या जोडीला शिंप्याचा पिवळा टेप. तो टेप फक्त रविवारी, चर्चला जाताना गळ्यातून उतरायचा. तेव्हाही तो पर्समध्ये असे.

'साधारण', 'अंदाजे' आणि 'जवळपास' हे तीन शब्द त्यांच्या घरात उच्चारायची सोय नव्हती. दूधवाला एकदा "साधारण अर्धा लिटर आहे बघा" म्हणाला, तर त्याला किटलीसकट परत पाठवलं. मी एकदा "अर्ध्या तासात येतो" सांगून पस्तीस मिनिटांनी परतलो. बाई फाटकात उभ्याच होत्या. "वरची पाच मिनिटं कोणाची घेतलीत?" असं त्यांनी विचारलं. मी घड्याळाकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "माझी. मी भाजी फोडणीला टाकायची थांबले होते." ती भाजी माझ्यासाठीच होती, हे मला नंतर कळलं.

अशा बाईच्या शेजारी 'भाऊ' राहायला यावेत, हे भाऊंचं दुर्दैव.

भाऊंना खरं नाव असणारच, पण ते कोणी वापरत नव्हतं. चौकातल्या फ्लेक्सवर ते सदरा, गॉगल आणि मोबाईल कानाला लावलेल्या पोझमध्ये उभे असत. खाली 'भावी नगरसेवक' असं लिहिलेलं. निवडणूक दर वर्षी पुढे जायची, त्यामुळे भाऊ दर वर्षी भावीच राहायचे. फ्लेक्सचा रंग उडाला की नवा फ्लेक्स लागायचा. त्यात भाऊ जरा जाड झालेले असायचे, एवढाच फरक. धंदा प्लॉटिंगचा. माणूस तसा वाईट नव्हता. कॉलनीत कोणाचं नळाचं पाणी गेलं तर तासाभरात टँकर पाठवायचा, आणि टँकरवर स्वतःचा फोटो असायचा.

बाईंच्या आणि त्यांच्या बंगल्यामध्ये जुनं तारेचं कुंपण होतं. एका नाताळात बाई आठ दिवस संगमनेरला भाचीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा कुंपण गायब होतं आणि तिथं सात फुटी पक्की भिंत उभी होती. मी त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होतो. भिंत चढताना मी पाहिली होती, पण कोणाच्या हद्दीत काय चाललंय, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बाईंनी रिक्षातून उतरल्या-उतरल्या, हातातली पिशवीही खाली न ठेवता, भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणी बेतलं हे?"

मग टेप निघाला. त्यांच्या घराच्या भिंतीपासून तारेपर्यंत अकरा फूट सहा इंच असायचं. आता भिंतीची जाडी धरून दहा फूट भरत होतं. दीड फूट पलीकडे गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर बाईंचं कढीपत्त्याचं झाडही.

भाऊ लगेच आले. नमस्कार केला. "बाई, तुम्ही नव्हता म्हणून विचारता आलं नाही. वास्तूवाले म्हणाले, पूर्वेची रेघ सरळ करा. आता दीड फूट म्हणजे काय हो, वीतभर तर!"

"वीत नऊ इंचांची असते. दीड फुटाच्या दोन विती होतात," बाई म्हणाल्या. "आणि दीड फूट कापडात लहान पोरीचं झबलं होतं, टोपीसकट."

खरं कारण वास्तू नव्हतंच. भाऊंनी नवी पांढरी गाडी घेतली होती. बंगला आणि तारेच्या मधून ती आत जायची, पण बाजूचे दोन आरसे मिटवावे लागायचे. भावी नगरसेवकानं रोज स्वतःच्या दारात आरसे मिटवून शिरायचं, हे त्यांना बरं वाटेना.

बाईंनी मोजणीच्या ऑफिसात अर्ज केला. अर्जाला पोच मिळाली, पोचेला तारीख मिळाली, तारखेला पुढची तारीख मिळाली. महिना गेला. दुसरा कोणी असता तर भांडला असता, वकील गाठला असता किंवा गप्प बसला असता. बाईंनी त्यातलं काही केलं नाही. एका सोमवारी सकाळी सात वाजता त्यांनी शिलाई मशीनपुढचं स्टूल उचललं, वर्तमानपत्र काखेत घेतलं आणि सरळ भाऊंच्या फाटकातून आत गेल्या. भिंतीच्या पलीकडच्या अंगानं टेप लावून दीड फूट मोजलं. शिंप्याच्या निळ्या खडूनं भाऊंच्या नव्या कोऱ्या पेव्हर ब्लॉकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली. आणि रेघेच्या आतल्या बाजूला, कढीपत्त्याच्या शेजारी, स्टूल टेकवून पेपर वाचत बसल्या. स्टूल चौदा इंचांचं होतं. दोन्हीकडे दोन-दोन इंच उरत होते.

भाऊ दात घासत बाहेर आले. "बाई, हे काय? तुम्ही माझ्या घरात..."

"मी माझ्या घरात आहे. तुम्ही रेघेच्या पलीकडे उभे राहून बोला."

"पण फाटक तर माझं आहे ना!"

"चौकात फ्लेक्सवर लिहिलंय, 'जनतेसाठी चोवीस तास दार उघडे'. मी जनता आहे."

भाऊंच्या तोंडात पेस्ट होती, म्हणून ते पुढचं बोलू शकले नाहीत.

तेव्हापासून हा नेम झाला. रोज सात ते नऊ. त्या दोन तासांत आरसे मिटवल्याशिवाय गाडी बाहेर काढायची सोय उरली नाही, कारण आरसे उघडे ठेवून निघायला जो दीड फूट लागायचा त्याच्यावर बाई बसलेल्या असायच्या. भाऊंकडे सकाळी माणसांची रीघ असे. कोणाला दाखला हवा असायचा, कोणाला शाळेत प्रवेश. प्रत्येकजण आत शिरताना बाईंना विचारायचा, "भाऊ आहेत का?"

"आहेत. पण मला विचारू नका. मी त्यांच्याकडची नाही, मी या दीड फुटाची मालकीण."

माणूस भिंतीकडे बघायचा, रेघेकडे बघायचा आणि खाली मान घालून हसायचा. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चार घरी पोचायची. त्यात निम्म्या कॉलनीतल्या बायका बाईंच्या विद्यार्थिनी. कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्यात बाई पेपर वाचतायत आणि मागे भाऊ टॉवेलवर येरझाऱ्या घालतायत, एवढंच होतं. पण तो व्हिडिओ भाऊंच्या सगळ्या फ्लेक्सपेक्षा जास्त लोकांनी पाहिला.

भाऊंनी पोलिसांत फोन केला. एक हवालदार मोटारसायकलवरून आला. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या, भिंत पाहिली, रेघ पाहिली, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हा दिवाणी मामला आहे." पोलिसाला हे वाक्य म्हटलं की मोकळं होता येतं. तो निघाला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. खिशाची शिवण उसवलीय, पेन पडेल." आणि पदराला खोचलेली सुई काढून त्याला तिथंच उभं करून चार टाके घातले. हवालदार रेघेच्या पलीकडे आणि बाई अलीकडे. हेही कोणीतरी मोबाईलवर टिपलं.

मग भाऊंनी मानाचा रस्ता धरला. शिक्षक दिनाला कॉलनीच्या सभागृहात बाईंचा सत्कार ठेवला. शाल दिली, नारळ दिला. भाषणात बाईंना 'आमच्या मातेसमान' म्हणाले. बाईंनी स्टेजवरच शाल उलटी करून किनार पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती शाल भाऊंच्या हातात परत दिली. "किनार उसवत होती. हातशिलाई करून दिलीय. दुसऱ्या कोणाचा सत्कार असेल तेव्हा वापरा." आणि स्टुलावर जाऊन बसल्या.

या सगळ्यात भाऊंच्या बाजूनं मनापासून लढणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची आई. त्यांना सगळे आक्का म्हणायचे. पाथर्डीकडच्या गावावरून मुलानं त्यांना इथं आणून ठेवलं होतं. ओट्यावर सागवानी झोपाळा होता, त्यावर त्या दिवसभर बसायच्या. पाय जमिनीला टेकायचे नाहीत, त्यामुळे झोका घेता यायचा नाही. सून नोकरीला, नातवंडं क्लासला, मुलगा जनतेत. आक्कांना बोलायला माणूस मिळायचं नाही. पहिले चार दिवस त्यांनी बाईंना नुसतं न्याहाळलं. पाचव्या दिवशी उतरून रेघेपाशी आल्या.

"तुमी हितं कशापायी बसता वो रोज?"

"ही जागा माझी आहे."

"कोन म्हनतं?"

"नकाशा म्हणतो."

"आमच्याकडं नकाशाला कोन इचारत न्हाई. बांधावर मानसं हुबी ऱ्हात्यात, ती सांगत्यात कुनाची जागा."

"मग मी उभी राहात नाही, बसते. एवढाच फरक."

आक्कांना हे उत्तर आवडलं असावं. त्या आत गेल्या आणि कपबशी घेऊन आल्या. "घ्या, च्या घ्या. पर जागा मिळायची न्हाई, ते आधीच सांगते."

बाईंनी कप हातातून घेतला नाही. "रेघेच्या या बाजूला ठेवा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी माझ्या घरात चहा घेतला असं होईल." आक्कांनी वाकून कप दीड फुटात ठेवला. तो पुढे रोजचाच प्रकार झाला.

त्या दोघींचं भांडण ऐकायला मी पहिल्या पाळीची सुट्टी असली की मुद्दाम भिंतीजवळ दाढी करायला बसायचो. आक्का म्हणायच्या, "माझ्या लेकानं लई कष्टानं हुबं केलंय हे." बाई म्हणायच्या, "कष्टाबद्दल तक्रार नाही. कष्ट त्यांच्या हद्दीत करावेत." आक्का म्हणायच्या, "बाई मानसाला येवढा हट्ट बरा न्हवं." बाई म्हणायच्या, "तुमचं पोलकं दंडात घट्ट होतंय. उद्या आणा, उसवून सैल करून देते." दुसऱ्या दिवशी पोलकं भिंतीवरून यायचं आणि तिसऱ्या दिवशी परत जायचं. भांडण आपल्या जागी चालूच असायचं.

रविवारी बाई चर्चला जात, म्हणून दीड फुटाला सुट्टी असे. त्या दिवशी आक्का बेचैन व्हायच्या. भिंतीवरून मला हाक मारायच्या, "आज बाई कुटं गेल्या?"

"चर्चमध्ये."

"तिथं बी जागेचंच हाय का काय?"

मला स्वतःला हे सगळं करमणूक म्हणून छान वाटत होतं, पण बाईंना कधी ना कधी यात त्रास होईल अशी काळजीही होती. साठी उलटलेली बाई, थंडीवाऱ्यात परक्याच्या अंगणात स्टुलावर बसते, हे काही बरं नव्हतं. एका शनिवारी मी धीर करून विचारलं, "बाई, एवढं मोठं अंगण आहे तुमचं. दीड फुटानं काय अडतंय?"

बाई मशीनवर काहीतरी शिवत होत्या. त्यांनी पाय थांबवला.

"आठवीला आठवड्यात माझे दोन तास असायचे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी गणिताचे सर आले. बाई, पोर्शन मागे राहिलाय, आजचा तास द्या. मी दिला. मग इंग्रजीच्या बाई आल्या. मग खेळाचे सर, मग गॅदरिंगची तालीम. कोणी मागायला आलं की म्हणायचं, शिवणकामच तर आहे. मी एकोणतीस वर्षं नोकरी केली, पण एकाही वर्गाला बाही जोडायला शिकवू शकले नाही. बाहीपर्यंत पोचायच्या आत वर्ष संपायचं. निरोप समारंभात मुख्याध्यापक म्हणाले, बाईंनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या."

त्यांनी सुईत दोरा ओवला. पहिल्या प्रयत्नात गेला नाही. दुसऱ्यांदा गेला. मग मशीन परत सुरू झालं. मी त्यानंतर तो प्रश्न कधी विचारला नाही.

मोजणी अखेर झाली. पहिल्या तारखेला मोजणीदार आले, पण मशीन आलं नव्हतं. दुसऱ्या तारखेला मशीन आलं, पण त्याला चार्जिंग नव्हतं. तिसऱ्या तारखेला दोन्ही आली, पण भाऊंना नोटीस पोचलेली नव्हती; निदान भाऊ तसं म्हणत होते. चौथ्या तारखेला पोरगेलासा मोजणीदार मशीनचं तिकाटणं खांद्यावर घेऊन फाटकात उभा राहिला. बाईंनी त्याला पाहून पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : "उजवा खांदा उतरलाय तुमचा. ओझं डाव्या खांद्यावर घेत जा."

दोन तास मोजणी चालली. ओट्यावर अर्धी कॉलनी जमली होती. भाऊ कार्यकर्त्यांना घेऊन उभे होते, आक्का झोपाळ्यावर होत्या. मोजणीदारानं स्क्रीनवर पाहिलं, नकाशावर पाहिलं आणि म्हणाला, "भिंत बाईंच्या हद्दीत आहे. एक फूट सहा इंच."

बाईंच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांना हे वर्षभरापासून माहीत होतं.

"मशीन चुकत असंल," भाऊ म्हणाले. "मशीनचं काय, ऊन लागलं की चुकतं."

आक्का झोपाळ्यावरून म्हणाल्या, "तुझ्या चुलत्याचा नांगर बी असाच चुकायचा, दर साली. आपल्याच बांधाकडं."

भाऊंनी आईकडे पाहिलं नाही. मोजणीदारच मग खाकरून म्हणाला, "बाई, अजून एक आहे. चारी बाजू मोजाव्या लागतात म्हणून सांगतो. तुमची मागची खोली पाठीमागच्या प्लॉटमध्ये गेलीय. एक फूट दहा इंच."

मागची खोली म्हणजे माझी खोली.

भाऊंनी टाळी वाजवली. खरोखरच वाजवली. "घ्या! आम्ही दीड फूट घेतला तर रोज स्टूल टाकून बसतात, आणि स्वतः पावणेदोन फूट!"

"एक फूट दहा इंच," बाईंनी दुरुस्ती केली. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. त्यांनी मोजणीदाराला परत मोजायला लावलं. मग स्वतःच्या टेपनं मोजलं. खोली त्यांच्या भावानं बांधून घेतली होती. तो आता नव्हता. टेप गुंडाळताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "त्याला सरळ रेघेत कापता यायचं नाहीच." आणि माझ्याकडे वळून, "तुमचं सामान उद्या सकाळी पुढच्या खोलीत आणा."

पाठीमागच्या मोकळ्या प्लॉटचे मालक पुण्याला राहात. बाईंनी त्यांना माझ्यासमोर फोन केला. स्पीकरवरून त्या गृहस्थांचा आवाज आला, "अहो, राहू द्या हो बाई! मी कुठे तिथं बांधतोय? मला तर प्लॉट कुठल्या गल्लीत आहे तेही आठवत नाही."

"तुम्हाला आठवत नाही, पण मला आता माहीत झालंय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आठ दिवसांत गवंडी आला. मी चार दिवस बाईंच्या पुढच्या खोलीत, कापडाच्या गाठोड्यांमध्ये झोपलो. मागची भिंत पाडताना भाऊंचे कार्यकर्ते गच्चीवर जमून बघत होते. सुरुवातीला हसत होते. गवंड्यानं विचारलं, "बाई, कुठपर्यंत?" बाईंनी गुडघ्यावर बसून निळ्या खडूनं रेघ मारली आणि म्हणाल्या, "रेघेच्या आत अर्धा इंच घ्या. शिवणीला लागतो." तेव्हा गच्चीवरचं हसू थांबलं. एकजण नुसताच खाली उतरून गेला.

खोली लहान झाली. माझी कॉट आडवी बसेना. मी दुसरी जागा बघायला लागलो, तर बाईंनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि टाचेपासून टाळूपर्यंत टेप लावला. "तुम्ही साडेसदुसष्ट इंच. खोलीची रुंदी आता सत्तर इंच. अडीच इंच उरतायत. जमिनीवर गादी घाला, झोप लागेल." मी राहिलो. त्या खोलीत मी पुढे दोन वर्षं झोपलो. पाय ताणले की डोकं आणि पाय दोन्ही भिंतींना एकाच वेळी लागायचे. पण मी कोणाच्या जागेत झोपलेलो नव्हतो, आणि ही गोष्ट माझ्या आयुष्यात नंतरच्या कुठल्याच फ्लॅटबद्दल मला इतक्या खात्रीनं सांगता आलेली नाही.

इकडे भाऊंची पंचाईत झाली. दूध आणायला गेले तरी लोक विचारायचे, "बाईंनी पाडली म्हणे. तुमची कधी?" पानवाल्यानं विचारलं. कटिंगवाल्यानं तोंडाला साबण लावल्यावर विचारलं. भाऊ आठवडाभर गप्प होते. नंतर एके सकाळी चौकात नवा फ्लेक्स लागला. 'हद्द पाळू, माणुसकी जपू! भावी नगरसेवक भाऊ यांच्या वतीने स्वखुशीने भिंत मागे घेण्याचा भव्य सोहळा.' भाऊंच्या शेजारी बाईंचा फोटोही होता, त्या व्हिडिओतून कापून घेतलेला. स्टूल छापलं नव्हतं, त्यामुळे बाई हवेत बसल्यासारख्या दिसत होत्या.

बाईंनी फ्लेक्ससमोर पाच मिनिटं घालवली. त्यांना राग आला होता, पण वेगळ्याच गोष्टीचा. "फोटो उलटा छापलाय. पदर उजव्या खांद्यावर आलाय माझा."

सोहळा झाला. मांडव, माईक, रिबन बांधलेला घण. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. भाषणं झाली, त्यात भिंतीला 'अहंकाराची भिंत' म्हणण्यात आलं. कोणाचा अहंकार ते कोणी सांगितलं नाही. बाईंना स्टेजवर बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत. त्या आपल्या दीड फुटात स्टुलावर बसून होत्या. फोटोग्राफर म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

"फ्रेममध्ये माझी जागा येतेय, म्हणून मी येतेय," बाई म्हणाल्या.

पाहुण्यांनी घणाचा घाव घातला. भिंतीचा कपचाही उडाला नाही. दुसरा घातला, तिसरा घातला. पाहुणे घामाघूम झाले. भाऊंनी धंद्यात इतकी घरं बांधली, पण सिमेंटला हात आखडता न घेता बांधलेली बहुधा ही एकच भिंत असावी. शेवटी पाहुण्यांनी नारळ फोडून वेळ निभावली आणि संध्याकाळी ब्रेकर लावून मजुरांनी ती पाडली. पंधरवड्यात मोजणीच्या रेघेवर नवी भिंत उभी राहिली. कढीपत्ता बाईंकडे परत आला. भाऊंची गाडी पुन्हा आरसे मिटवून आत जायला लागली.

भिंतीला गिलावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सात वाजता बाई सवयीनं स्टूल उचलून फाटकापर्यंत गेल्या. तिथं थांबल्या. परत आल्या. स्टूल मिळालेल्या दीड फुटात ठेवलं आणि त्यावर बसून पेपर उघडला. पण पान उलटलं जात नव्हतं. मी दाढी करत होतो, मला दिसत होतं. आता त्यांना पलीकडे जायचं काही कारण उरलं नव्हतं. जागा त्यांची झाली होती, म्हणजे सकाळ मोकळी झाली होती.

साडेसातला भिंतीपलीकडून आवाज आला. "ओ बाई! आज आला न्हाई व्हय?"

"माझी जागा माझ्याकडे आली, आक्का. आता तिकडे माझं काही नाही."

मग फाटकाची कडी वाजली. आक्का रस्त्यानं वळसा घालून आमच्या फाटकातून आत येत होत्या. एका हातात लाकडी पाट, दुसरा हात गुडघ्यावर. त्या सरळ दीड फुटापाशी आल्या, पाट टाकला आणि बाईंच्या शेजारी बसल्या. "लेकानं दिलीया जागा, पर सालभर माझ्या अंगनात हुती. मी बसनार हितं."

बाई उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पण त्या वहीचा कागद आणि पेन घेऊन आल्या, मांडीवर कागद ठेवून त्यांनी सुवाच्य अक्षरात पाच ओळी लिहिल्या. मी मागून वाचल्या. सदर जागेत मी केवळ बसण्यासाठी येत असून या बसण्यामुळे माझा किंवा माझ्या वारसांचा त्या जागेवर कोणताही हक्क, ताबा अथवा वहिवाट उत्पन्न होणार नाही, असा तो मजकूर होता.

"इथं अंगठा द्या," बाई म्हणाल्या.

आक्कांच्या अंगठ्याला त्यांनी पेनातली शाई चोळली. आक्कांनी अंगठा उठवला आणि तो पदराला पुसत म्हणाल्या, "मला काय वाचता येत न्हाई. काय लिवलंय त्यात, सांगा तरी."

बाईंनी चष्मा लावला. कागद लांब धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"लिहिलंय," त्या म्हणाल्या, "की रोज यावे."

"आन च्या?"

बाईंनी पुन्हा एकदा कागदात पाहिलं.

"तोही लिहिलाय."